गरम वडा, ओली चटणी आणि प्रवाशाचे पोट

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, बोरघाट चढण्यासाठी तिला मागून जादा इंजिने जोडली जातात आणि तेवढ्या अवधीत फलाटावरचे बटाटेवडे डब्यापर्यंत पोहोचतात. तो वडा खावा की पोटाच्या भीतीने टाळावा, असा प्रश्न परमुलखातून आलेल्या प्रवाशाला पडतो. त्याचे उत्तर वड्याच्या रूपात नसून उष्णता आणि पाणी यांच्या हिशेबात आहे.

बेसनात घोळवलेला बटाट्याचा गोळा साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात पडला, की पिठातल्या पाण्याची तत्काळ वाफ होऊ लागते. कढईत उठणारे बुडबुडे म्हणजे ही वाफच होय. ती जोराने बाहेर पडत असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. बरेचसे तेल वडा बाहेर काढल्यावर, निवताना, आवरणातल्या छिद्रांत ओढले जाते. म्हणूनच झाऱ्यावर वडे नीट निथळू देणारा विक्रेता जाणकार समजावा. आवरण कोरडे पडले की त्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढते आणि प्रथिने व शर्करा यांच्यातील मेलार्ड अभिक्रियेमुळे खरपूस रंग व वास येतो. ओलसर सारण १०० अंशांपलीकडे जात नाही, परंतु प्रवाशांच्या अतिसारामागे पुष्कळदा असणारे ई. कोलाय जिवाणू ७० अंशांपर्यंत नीट तापलेल्या अन्नात तग धरत नाहीत.

खरी काळजी सारणाच्या वयाची घ्यावी. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपे, बटाटे उकडल्यावरही टिकू शकतात. सारण तासन्‌तास कोमट राहिले तर ते रुजतात, आणि त्यांच्या काही वाणांचे वांती आणणारे विष पुन्हा तळल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे वडा आत्ता तळला का, याइतकेच सारण केव्हा केले, हेही विचारावे.

हिरव्या चटणीला मात्र आच लागतच नाही. कच्ची कोथिंबीर, पुदिना आणि पाणी यांतून आलेले जंतू तिच्यात तसेच राहतात. लिंबाच्या आम्लाने त्यांची वाढ मंदावते, पण ते मरतीलच अशी खात्री नसते. बर्फ घातल्यानेही ती निर्जंतुक होत नाही. त्यापेक्षा लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी बरी, कारण वाढीला लागणारे पाणीच तिच्यात जिवाणूंना मिळत नाही. अर्थात तिच्या डब्यात ओला चमचा बुडत नसेल तरच.