आयफोन की अँड्रॉइड: लोक पार्टी कधी बदलतात आणि बहुतेक वेळा का बदलत नाहीत

आयफोनवाला आणि अँड्रॉइडवाला भांडायला लागले की मुद्दे ठरलेले असतात. कॅमेरा, रॅम, चार्जिंगचा स्पीड, मग एकजण म्हणतो तुमचा फोन म्हणजे नुसता शो आणि दुसरा म्हणतो तुमचा दोन वर्षांत हँग होणार बघा. पण असलं भांडण ऐकून कोणी फोन बदलला असेल असं मला तरी वाटत नाही, कारण ज्या गोष्टींवरून लोक भांडतात त्यावरून प्लॅटफॉर्म बदलणारे फार थोडे असतात, आणि हे कंपन्यांना आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून माहिती आहे.

आधी भांडणाचं बघू. हेन्री टायफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांवर केलेले प्रयोग छापले. पोरांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं की तुला क्ले आवडतो म्हणून तू या गटात, तुला कँडिन्स्की आवडतो म्हणून तू त्या गटात. खरं तर गट असेच, कसेही पाडले होते. कोण आपल्या गटात आहे हेसुद्धा पोरांना माहिती नव्हतं. तरी पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि कधी कधी तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत असा पर्याय निवडला. एवढ्याशा गोष्टीवरून जर माणूस पार्टी धरतो तर महिन्याचे बरेचसे पैसे घालून घेतलेला, दिवसरात्र हातात असलेला फोन म्हटल्यावर काय होणार.

त्यात आपलं ते बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा प्रकार प्रयोगातही मोजलेला आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये एक पेपर लिहिला, त्यात कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या वर्गात अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि मग विचारलं की कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल. कॉफीचा मग तोच, पण ज्यांच्या हातात होता ते साधारण दुप्पट किंमत मागत होते. म्हणजे मिळालेल्या वस्तूत काही भर पडली नव्हती, फक्त ती आपली झाली होती. जॉन गुर्विल यांनी २००६ मध्ये हेच नव्या प्रॉडक्टना लावलं आणि मांडलं की ग्राहक हातातल्या वस्तूला तिच्या लायकीच्या तिप्पट मानतो, कंपनी आपल्या नव्या वस्तूला तिप्पट मानते, त्यामुळे दोघांच्या हिशोबात नऊपटीची तफावत पडते. नऊ हा आकडा अगदी काटेकोर घेऊ नका, पण नवा फोन "थोडा चांगला" असून भागत नाही एवढं त्यातून कळतं.

आता खरं दुखणं. फोन बदलायचा म्हणजे नुसतं यंत्र बदलायचं नसतं, त्यात अडकलेलं सगळं हलवायचं असतं, आणि घोडं इथेच पेंड खातं. व्हॉट्सॲपचंच घ्या. आयफोनवरच्या चॅटचा बॅकअप आयक्लाउडवर जायचा, अँड्रॉइडवरचा गूगल ड्राइव्हवर, आणि हे दोन बॅकअप एकमेकांना वाचता येत नव्हते. २००९ पासून चालू असलेल्या ॲपमध्ये चॅट अधिकृतपणे इकडून तिकडे न्यायची सोय जाहीर झाली २०२१ च्या ऑगस्टमध्ये, तीपण आधी फक्त आयफोनवरून सॅमसंगवर, त्याला केबल लागायची आणि नवा फोन कोरा असताना, पहिल्यांदा सेट करतानाच ते करायचं. उलट दिशेने, म्हणजे अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायला २०२२ उजाडलं. तेव्हा कुठे गंगेत घोडं न्हालं. मधल्या इतक्या वर्षांत पार्टी बदलणाऱ्याला जुन्या चॅटवर, त्यातल्या फोटोंवर आणि व्हॉइस मेसेजवर पाणी तरी सोडावं लागायचं नाहीतर कुठलंतरी बाहेरचं सॉफ्टवेअर विकत घेऊन देवाचं नाव घ्यावं लागायचं.

अर्थशास्त्रात याला स्विचिंग कॉस्ट, म्हणजे बदलण्याची किंमत, म्हणतात, आणि त्यात पैशांचा भाग सगळ्यात लहान असतो असं माझं मत आहे. विकत घेतलेली ॲप्स परत घ्यायला लागतात, ठीक आहे, पण बँकेची ॲप्स परत रजिस्टर करणं, पासवर्ड शोधणं, बॅक जायला बोट कुठे ओढायचं हे नव्याने शिकणं, कीबोर्डला आपले शब्द परत शिकवणं, याची किंमत कुठल्या बिलात येत नाही पण माणसाला ती आधीच जाणवते आणि तो म्हणतो जाऊदे, आहे तेच घेऊ पुढचं मॉडेल.

ॲपलच्या आयमेसेजची गोष्ट तर कोर्टाच्या कागदांतूनच बाहेर आली. आयमेसेज २०११ मध्ये आलं. दोन आयफोनमध्ये मेसेज निळा, आणि समोर अँड्रॉइड असेल तर तो साधा एसएमएस होऊन हिरवा, फोटो पिक्सेल फुटलेले, ग्रुपमध्ये गोंधळ. अमेरिकेत व्हॉट्सॲपपेक्षा साधे मेसेज जास्त चालत असल्यामुळे शाळा-कॉलेजच्या पोरांत हिरवा रंग म्हणजे कमीपणा झाला, तिथल्या टीनएजर पोरांत आयफोनचं प्रमाण पाइपर सँडलर या अमेरिकन गुंतवणूक बँकेच्या सर्वेमध्ये ८५ टक्क्यांच्या वर आहे. एपिक गेम्सने ॲपलवर केलेल्या केसमध्ये २०२१ साली ॲपलचे आतले ईमेल उघड झाले, त्यात ॲपलचे सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी २०१३ मध्ये लिहिलेलं दिसतं की आयमेसेज अँड्रॉइडवर दिलं तर आयफोनवाल्या घरांत मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देण्यातली अडचण तेवढी दूर होईल. मार्केटिंगचे प्रमुख फिल शिलर यांनी लिहिलं होतं की त्याने आपला फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल. एवढं स्पष्ट लिहून ठेवतात लोक, याचंच मला नवल वाटतं.

आणि बाहेर पडणाऱ्याची फजिती वेगळीच. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला की ॲपलच्या सर्व्हरला तो नंबर अजून आयमेसेजचाच वाटायचा, म्हणून बाकीच्या आयफोनवाल्यांनी पाठवलेले मेसेज या माणसापर्यंत पोहोचायचेच नाहीत, पाठवणाऱ्याला वाटायचं गेला आणि घेणाऱ्याला काही पत्ता नाही. नंबर तिथून काढून टाकायची वेगळी सोय ॲपलने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दिली.

पण भिंत बांधली की काम झालं असंही नाही, ब्लॅकबेरीला विचारा. त्यांचं बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरी मेसेंजर, २००५ पासून होतं आणि ते फक्त ब्लॅकबेरीवर चालायचं, म्हणजे आयमेसेजच्याही आधीची हीच युक्ती. पण आतले लोक एकेक करून आयफोन आणि अँड्रॉइडकडे जायला लागले तसं उरलेल्यांना बीबीएमवर बोलायला माणसंच कमी पडायला लागली, मग तेही निघाले. नेटवर्कचा जोर दोन्ही बाजूंनी लागतो, वर नेतो तसा खालीही ओढतो. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी बीबीएम बाकीच्या फोनना उघडलं तोपर्यंत व्हॉट्सॲपने ३५ कोटी वापरकर्त्यांच्या आसपास मजल मारली होती. २०१९ च्या मे महिन्यात सामान्य लोकांसाठीचं बीबीएम बंद झालं.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचं तर सगळंच मुसळ केरात गेलं. २०१० मध्ये आलेली ती सिस्टीम दिसायला सुंदर होती आणि स्वस्त फोनवरही मस्त पळायची, हे तिच्या विरोधकांनीपण मान्य केलेलं आहे. नोकिया, जिच्याकडे २००७ मध्ये जगातल्या स्मार्टफोन बाजाराचा जवळपास अर्धा हिस्सा होता, ती २०११ मध्ये आपली सिम्बियन ही सिस्टीम सोडून हिच्याकडे आली. पण ॲप्स नाहीत म्हणून लोक येईनात आणि लोक नाहीत म्हणून कोणी ॲप्स बनवेना. गूगलने यूट्यूबचं धड ॲप दिलं नाही, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये स्वतः बनवलं तर गूगलने तेही ब्लॉक केलं. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा २०१४ मध्ये ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते हुआवेचं, कारण तिथे जणू कोणी मुद्दाम प्रयोग लावावा तसं झालं. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने हुआवेला काळ्या यादीत टाकलं, त्यामुळे त्यांच्या नव्या फोनमध्ये गूगलच्या सेवा देता येईनात. अँड्रॉइडचा मूळ गाभा ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरायला मोकळा, असल्यामुळे तो राहिला, पण प्ले स्टोअर, जीमेल, मॅप्स, यूट्यूब सगळं गेलं. सप्टेंबरमध्ये आलेला मेट ३० हा त्यांचा असा पहिला मोठा फोन. कॅमेरा लायका या नामांकित कॅमेरा कंपनीच्या नावाचा, स्क्रीन उत्तम, चिप जोरदार, आणि युरोपात त्याला विचारणारं कोणी फारसं राहिलं नाही. तेच फोन चीनमध्ये मात्र धडाक्यात विकले गेले, इतके की २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत जगात सगळ्यात जास्त फोन पाठवणारी कंपनी सॅमसंगला मागे टाकून हुआवे होती. फोन एकच, कंपनी एकच, काळ एकच. घरच्या कंपनीवर संकट आलं म्हणून चिनी लोकांनी हात दिला हे खरंच, पण मुख्य फरक हा की चीनमध्ये गूगलच्या सेवा आधीपासूनच चालत नव्हत्या. तिथे माणसांचा सगळा गोतावळा वीचॅटमध्ये, पैसे देणं घेणंसुद्धा त्यातच, आणि वीचॅट कुठल्याही फोनवर सारखंच दिसतं, त्यामुळे तिथल्या माणसाचं काहीच गेलं नव्हतं. युरोपातल्या माणसाचं गेलं होतं. (नंतर चिप्सवरही बंदी आली आणि हुआवेचं घरचं गणितही कोसळलं, तो वेगळा विषय.) कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून भांडणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं.

मग लोक बदलतात तरी कधी? जुना फोन पडून फुटतो, बॅटरी अर्ध्या दिवसात मान टाकते, किंवा अपडेट यायचे बंद होतात, तेव्हा दुकानात जावंच लागतं आणि तेवढ्या वेळापुरतं दार उघडं असतं. तेव्हासुद्धा बहुतेक लोक त्याच बाजूला राहतात. जे जातात ते बहुतेक वेळा आपल्या बाजूला मिळतच नाही अशी एखादी गोष्ट समोर दिसते म्हणून जातात, किंवा किंमत परवडत नाही म्हणून, किंवा घरातले सगळे दुसरीकडे गेले म्हणून.

मोठी स्क्रीन ही अशी एक गोष्ट होती. सॅमसंगने २०११ मध्ये ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट काढला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, एवढं ताट कानाला लावून कोण बोलणार म्हणून, आणि मग तीच ताटं धडाधड विकली गेली. ॲपल तेव्हा साडेतीन इंचांवर होतं आणि पुढच्या वर्षी चारवर आलं. ॲपल आणि सॅमसंगच्या कोर्टातल्या मारामारीत २०१४ मध्ये ॲपलचीच २०१३ ची एक आतली स्लाइड दाखवली गेली, तिचा अर्थ असा की ग्राहकांना जे हवंय ते आपल्याकडे नाही, म्हणजे मोठी स्क्रीन आणि कमी किंमत. २०१४ च्याच सप्टेंबरमध्ये ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन ६ आले, पहिल्याच वीकेंडला एक कोटीच्या वर विकले गेले, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ७ कोटी ४५ लाख आयफोन खपले. अँड्रॉइडवरून येणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या मॉडेलांपेक्षा जास्त असल्याचं तेव्हा ॲपलचे प्रमुख असलेले टिम कुक वारंवार सांगायचे. पुढच्या वर्षी ॲपलने मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप चक्क गूगलच्या प्ले स्टोअरवर टाकलं, शत्रूच्या वाड्यात शिरून त्याची माणसं पळवायला.

बॅटरीचा किस्सा याच्या उलटा. जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम हळू केले जातात हे २०१७ च्या डिसेंबरमध्ये उघड झाल्यावर ॲपलने माफी मागितली आणि बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. लोकांनी बॅटऱ्या बदलल्या आणि फोन परत तरतरीत झाले. २०१९ च्या जानेवारीत टिम कुकनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्री कमी होणार असल्याचं सांगितलं, त्यातल्या कारणांमध्ये ही स्वस्त बॅटरीसुद्धा होती. म्हणजे फोनवर एवढे चिडलेले लोकसुद्धा २९ डॉलरात काम होतंय म्हटल्यावर आहे तिथेच बसून राहिले.

ज्या कंपन्यांसाठी आपण भांडतो त्यांचं आपसातलं मात्र छान चाललेलं असतं. २०१२ मध्ये ॲपलच्या केसमध्ये ज्युरीने सॅमसंगला एक अब्ज डॉलरच्या वर नुकसानभरपाई द्यायला सांगितली तेव्हा आयफोनमधली चिप सॅमसंगच बनवत होती, २०१७ च्या आयफोन टेनची स्क्रीन पण त्यांचीच. आणि आयफोनवर आपोआप गूगलच सर्च व्हावं म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हेही अमेरिकन सरकारच्या केसमधून बाहेर आलं.

अलीकडे जुन्या भिंतींना भगदाडं पडतायत. युरोपच्या नियमामुळे चार्जरची पिन एक झाली, आयफोन १५ पासून २०२३ मध्ये ॲपलने टाइप सी घेतली, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस १८ बरोबर आरसीएस ही एसएमएसच्या पुढची मेसेजची पद्धत आली, म्हणजे अँड्रॉइडशी बोलताना फोटो आता बरे जातात, समोरचा टाइप करतोय तेही दिसतं. रंग हिरवाच ठेवलाय. आणि नव्या भिंती मनगटावर उभ्या राहतायत. ॲपल वॉच आयफोनशिवाय सेट करता येत नाही, अँड्रॉइडसाठी ते करून बघायला आम्ही तीन वर्षं घालवली आणि तांत्रिक अडचणींमुळे सोडून दिलं असं ॲपल म्हणतं, तर सॅमसंगची आधीची घड्याळं आयफोनला जोडता यायची, २०२१ च्या गॅलक्सी वॉच ४ पासून ती सोय त्यांनीही काढून टाकली. त्यामुळे आता कोणी पार्टी बदलायचं म्हटलं की फोनच्या जोडीला चालू स्थितीतलं घड्याळही सोडावं लागतं, त्यातल्या काही वर्षांच्या झोपेच्या आणि पावलांच्या नोंदींसकट.