पाणी वाहतंय, तरी डोळा कोरडा

“डोळ्यांतून सारखं पाणी येतं,” अशी तक्रार घेऊन गेले, तर डॉक्टर म्हणाल्या, डोळे कोरडे पडलेत. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

मग त्यांनी खालच्या पापणीत टीपकागदाची अरुंद पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं मोजली. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शर्मर यांची १९०३ सालची ही चाचणी आजही चालते. पट्टी दहा मिलिमीटरपर्यंत भिजली की पाणी पुरेसं धरतात. माझी बारा भिजली. नंतर डोळ्याला केशरी रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं, तेव्हा पापणी न लवता अश्रूंचा थर चार सेकंदांतच फाटला. दहा तरी टिकायला हवा होता.

गोम तेलात होती. अश्रूंच्या थरात तळाशी चिकट श्लेष्म, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग असतो. तो पाणी उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. ते थंडीतल्या तुपासारखं थिजलं की ग्रंथींची तोंडं बुजतात, पाणी उडतं, डोळा चुरचुरतो आणि मेंदू घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो. तो गालावर ओघळतो. डोळा कोरडा तो कोरडाच. स्क्रीनसमोर पापण्या कमी लवतात, त्याही अर्धवट, म्हणून तेल बाहेर ढकललंच जात नाही.

थिजलेलं तूप वितळवायचं तर ऊब हवी. साधारण चाळीस अंशांचा शेक, पाच ते दहा मिनिटं, मग पापणीच्या कडेच्या दिशेनं हलकं चोळायचं. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, तेव्हा तो पुन्हा पुन्हा बुडवत राहावा लागतो. कंटाळवाणं आहे खरं, पण रोज करायचं.

कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार-सहा वेळांहून जास्त लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. ते रसायनच डोळ्याला चुरचुरतं. मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइडचे थेंब मात्र आणू नका, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत (निकाल २०१८) त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत. मी पैसे वाचवले.

एवढ्यानं भागलं नाही, तर पुढे बरंच काही आहे. सायक्लोस्पोरिनचे थेंब दाह कमी करतात. सुरुवातीला ते झोंबतात आणि गुण यायला काही महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात वैतागून बाटली फेकणारे इथेच हरतात. पाणीच कमी असेल, तर अश्रू नाकाकडे नेणाऱ्या भोकाला इवलंसं बूच बसवतात, मोरीला बोळा लावावा तसं. फारच हट्टी आजारात स्वतःच्या रक्तातल्या सीरमचे थेंब किंवा डोळ्यावर पाणी धरून ठेवणारी मोठी स्क्लेरल लेन्स असते. तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर श्योग्रेन आजाराची (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते) तपासणी करून घ्यायला सांगतात. ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. त्या मनानं बंद न करता डॉक्टरांना दाखवायच्या. डोळा खूप दुखू लागला किंवा दिसायला कमी झालं, तर त्याच दिवशी जायचं.

सहा महिन्यांनी पुन्हा निळा उजेड लावला. डॉक्टरांनी मोजायला सुरुवात केली आणि पाचला मी श्वास धरला. सातला थर फाटला.

“रुमाल चालू ठेवा,” त्या म्हणाल्या.