टोनी मेला की नाही? 'द सोप्रानोज'च्या शेवटच्या सीनच्या भांडणामागची गोष्ट

१० जून २००७, रविवार रात्र. अमेरिकेत एचबीओवर 'द सोप्रानोज'चा ८६ वा म्हणजे शेवटचा एपिसोड चालू होता, १ कोटी १९ लाखाच्या आसपास लोक बघत होते, आणि ऐन मोक्याच्या क्षणी पडदा काळाठिक्कर पडला. आवाजही गेला. गाणं चालू होतं ते अर्ध्यात तुटलं. दहाएक सेकंद काहीच नाही आणि मग मुकाट्याने नावं वर सरकायला लागली, म्युझिक वगैरे काही नाही. त्या दहा सेकंदांत घरोघरी लोकांनी केबलवाल्याचा उद्धार केला, कोणी रिमोट दाबत बसलं, कोणी मागे जाऊन केबल हलवून बघितली. नावं दिसल्यावर मग कळलं की केबल ठीक आहे, हे लेखकाने मुद्दाम केलंय. त्या रात्री एचबीओची वेबसाईट लोकांच्या गर्दीने बसली.

ज्यांनी सिरीयल बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू जर्सीतला माफियाचा बॉस टोनी सोप्रानो, भूमिका जेम्स गँडोल्फिनीची, घरात बायको कार्मेला आणि दोन मुलं, बाहेर खून-खंडणी, आणि पॅनिक अटॅक येतात म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. जानेवारी १९९९ ला सुरू झालं, सहा सीझन चाललं. आठ वर्षं लोकांना एकच प्रश्न, याचा शेवट कसा होणार, गोळीने की जेलने. माफियाच्या गोष्टीला तिसरा शेवट नसतो असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आता तो सीन, कारण सगळं भांडण त्यातल्या बारीकसारीक गोष्टींवर आहे. जागा होल्स्टेन्स, न्यू जर्सीच्या ब्लूमफील्ड गावातलं खरंखुरं जुनं आइस्क्रीम पार्लर. टोनी आधी येऊन बसतो, टेबलावरच्या छोट्या ज्यूकबॉक्सवर जर्नी बँडचं १९८१ चं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिंग' लावतो. दाराला घंटी आहे, कोणी आलं की वाजते. घंटी वाजते, टोनी मान वर करतो, आणि पुढच्या शॉटला आपल्याला त्याच्या नजरेतून दिसतं कोण आलं ते. हे जवळपास दरवेळी असंच होतं, घंटी, टोनीचा चेहरा, मग त्याला जे दिसतं ते. कार्मेला येते, तिला तो सांगतो की आपलाच माणूस कार्लो साक्षीदार झालाय. मुलगा एजे येतो, आणि त्याच्या पुढेच मेंबर्स ओन्ली छापाचं जॅकेट घातलेला एक माणूस आत शिरतो, काउंटरला बसतो, टोनीकडे बघितल्यासारखं करतो, मग उठून बाथरूमकडे जातो. ज्यांनी 'गॉडफादर' बघितलाय त्यांच्या अंगावर इथे काटा येतो, कारण मायकेल कोर्लिओनी पिस्तूल आणायला बाथरूमलाच गेला होता. बाहेर मुलगी मेडो गाडी पॅरलल पार्क करायला झगडतेय, पुढे-मागे, पुढे-मागे, तो भाग इतका लांबवलाय की बघणाऱ्याचा जीव टांगणीला. टेबलावर ओनियन रिंग्ज येतात. मेडो धावत दाराशी येते. घंटी वाजते, टोनी मान वर करतो, आणि काळं.

चेहऱ्यानंतर दरवेळी टोनीला दिसतं ते दाखवलं असेल तर या वेळचं काळं म्हणजेसुद्धा टोनीला दिसलेलंच, नाही का? हा 'मेला' म्हणणाऱ्यांचा हुकमी एक्का. त्यात भर म्हणजे त्याच शेवटच्या सीझनमध्ये बोटीत बसल्याबसल्या टोनीचा मेहुणा बॉबी त्याला म्हणालेला की गोळी लागते तेव्हा बहुतेक आवाजसुद्धा ऐकू येत नसावा. आणि ते वाक्य शेवटच्या आधीच्या एपिसोडच्या अखेरीस टोनीला आठवताना परत ऐकवलंय, म्हणजे विसरू नका असंच सांगितलंय. शिवाय सहाव्या सीझनच्या पहिल्या एपिसोडचं नावच 'मेंबर्स ओन्ली', आणि त्यातच टोनीला त्याच्याच काकाने, अंकल ज्युनियरने, गोळी घातली होती.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही अगदीच हवेत नाही. टोनीचा शत्रू फिल लिओटार्डो त्याच एपिसोडमध्ये पेट्रोल पंपावर मारला गेलाय, फिलच्या न्यूयॉर्कवाल्या टोळीशी मांडवली झालीय, मग आता मारायला कोण कशाला येईल? यांच्या मते सीन मरणाचा नाहीच, धास्तीचा आहे. या माणसाला आयुष्यभर प्रत्येक घंटीला मान वर करून बघावं लागणार, आणि ती धास्ती आपण पाच मिनिटं त्याच्यासोबत भोगली, बस. आणि तिसरा एक गट म्हणतो गोळी टोनीला नाही, आपल्याला घातलीय, आठ वर्षं चोरून खिडकीतून बघत होतात ना, मग आता खिडकी बंद.

लेखक-दिग्दर्शक डेव्हिड चेसला हा वाद होणार हे माहीत नव्हतं असं समजणं भाबडेपणाचं होईल. एकतर टीव्हीवर हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये 'द प्रिझनर'चा शेवट बघून लोक इतके भडकले होते की त्याचा कर्ता आणि नायक पॅट्रिक मॅकगूहनला काही काळ लोकांपासून लांब राहावं लागलं. 'ट्विन पीक्स'चा दुसरा सीझन १० जून १९९१ ला संपला, बरोब्बर त्याच तारखेला सोळा वर्षं आधी, नायक आरशात बघतो आणि आरशात दुसराच कोणी असतो, पुढे काय ते २०१७ पर्यंत कोणी सांगितलं नाही. आणि 'ट्विन पीक्स'चा आपल्यावर मोठा प्रभाव आहे हे चेस स्वतः सांगतो.

दुसरं म्हणजे त्याच्या स्वतःच्या सिरीयलमधला रशियन. मे २००१ चा 'पाइन बॅरेन्स' नावाचा एपिसोड, टोनीची माणसं पॉली आणि क्रिस्टोफर एका रशियनला मेला समजून पुरायला बर्फाळ जंगलात नेतात, तो पळतो, डोक्यात गोळी लागल्यासारखी वाटते आणि तरी तो गायब. कुठे गेला? पुढची सहा वर्षं प्रत्येक सीझनला लोक वाट बघत राहिले की रशियन परत येणार, बदला घेणार. आला नाही. चेसला विचारून विचारून पत्रकार थकले, त्याचं म्हणणं एकच की काही गोष्टी कळत नाहीत, आयुष्यात असंच असतं. माझ्या मते २००७ च्या भांडणाची खरी नांदी ही होती. रशियन कुठे गेला हे न सांगणारा माणूस टोनी मेला की नाही हे सरळ सांगेल अशी आशा धरणाऱ्यांनी सिरीयल नीट बघितलीच नव्हती म्हणायचं.

उलट त्याला तर अजून पुढे जायचं होतं. त्याचा मूळ बेत शेवटी नावंच दाखवायची नाहीत असा होता, सगळा वेळ काळा पडदा आणि मग थेट एचबीओचा लोगो. दिग्दर्शकांच्या युनियनने त्याला सूट दिली नाही म्हणून नावं आली. गाण्याचीही गंमत आहे, जर्नीचा गायक स्टीव्ह पेरी परवानगी द्यायला शेवटपर्यंत अडून बसला होता, आपल्या गाण्यावर रक्ताचा सडा पडायला नको म्हणून. शेवट काय आहे हे त्याला आधी सांगावं लागलं. म्हणजे अख्ख्या देशाच्या आधी त्याला कळलं, आणि तरी त्यालाही मेला की नाही ते कळलं नसणारच!

प्रसारणाच्या वेळी चेस फ्रान्सला निघून गेला होता. तिथून त्याने एकच मुलाखत दिली, नुअर्कच्या 'स्टार-लेजर'च्या अॅलन सेपिनवॉलला, जो पेपर टोनी रोज सकाळी बाथरोबमध्ये गेटपर्यंत जाऊन उचलायचा तोच. त्यात त्याने स्पष्ट सांगितलं की जे आहे त्याचं स्पष्टीकरण देण्यात, समर्थन करण्यात किंवा त्यात भर घालण्यात मला रस नाही, ज्याला बघायचंय त्याच्यासाठी सगळं तिथेच आहे.

आणि इथून पुढे प्रेक्षक आणि मीडिया यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पहिल्या आठवड्यात चित्र उलटं होतं, प्रेक्षक फसवलं म्हणून चिडलेले आणि टीव्हीवर लिहिणारे बरेच समीक्षक वा काय धाडस म्हणून खूश, अर्थात शिव्या घालणारे त्यांच्यातही होते. सप्टेंबरमध्ये याच एपिसोडच्या लेखनासाठी चेसला एमी मिळालं. तोवर चिडलेल्या लोकांनी रेकॉर्ड केलेला सीन मागेपुढे करून इतक्या वेळा बघितला होता की तेच डिटेक्टिव्ह झाले. आधी पुड्या सुटल्या, की जॅकेटवाला फिलचा पुतण्या आहे, हॉटेलातली बाकीची माणसं जुन्या एपिसोडमधली टोनीवर खार खाऊन असलेली आहेत. सगळं खोटं निघालं. मग खरं काम सुरू झालं, शॉट मोजणं, घंट्या मोजणं, टोनी आत येतो तेव्हा जॅकेट आहे आणि पुढच्याच शॉटला बसलेला दिसतो तेव्हा नाही, हे का, अशा एकेका गोष्टीचा कीस. तिकडे मीडियाला घंट्यांशी देणंघेणं उरलं नाही, त्यांना चेसच्या तोंडून एक शब्द हवा होता, हो किंवा नाही. हिलरी क्लिंटनच्या प्रचारवाल्यांनी तर दहाच दिवसांत या सीनची नक्कल करून व्हिडिओ काढला, बिल क्लिंटन ओनियन रिंग्ज मागतोय आणि समोर गाजरं.

हो-नाहीचा तो खेळ पुढे चौदा वर्षं चालला. २०१४ मध्ये बातमी, चेस म्हणाला टोनी जिवंत आहे. लगेच त्याच्या माणसांकडून खुलासा, बोलण्याचा विपर्यास केला, मेला की जगला हा मुद्दाच नाही. २०१५ मध्ये त्याने दिग्दर्शकांच्या युनियनच्या मासिकात तो सीन शॉटगणिक उलगडून सांगितला, टोनी स्वतःलाच बसलेलं बघतो तसा तो कट कुब्रिकच्या 'स्पेस ओडिसी'वरून सुचला वगैरे. माझ्या दृष्टीने हा त्याने दिलेला सगळ्यात प्रामाणिक जबाब, पण त्यात हो-नाही नव्हतं म्हणून त्याची हवी तेवढी हेडलाइन झाली नाही. २०१९ मध्ये सेपिनवॉल आणि मॅट झोलर साइट्झ यांच्या पुस्तकासाठी बोलताना तो टोनी लिंकन टनेलमधून न्यूयॉर्कला मीटिंगला जातो असा जुना, न वापरलेला शेवट सांगत होता आणि बोलता बोलता त्याला मरणाचा सीन म्हणून गेला. साइट्झने तिथेच शब्दात पकडलं, चेस गप्प झाला आणि मग दोघांना एक सणसणीत शिवी हासडली. २०२१ मध्ये अजून एका मुलाखतीत असंच काहीसं निघालं आणि जगभर मथळे, अखेर कबुली, टोनी मेलाच.

मला विचाराल तर घंटीचा हिशोब बघता मीही मेला म्हणणाऱ्यांतलाच. पण २०२१ च्या कबुलीमुळे नाही. ती सगळी वाक्यं चेस आधी काय करणार होता, त्याला कुठे काय सुचलं याबद्दलची आहेत, पडद्यावर काय आलं त्याबद्दलची नाहीत, आणि मथळा देणाऱ्यांनी हा फरक सोयीने गाळला. लेखकाने मनात टोनीला मारला असेलही, पण शूट करून, एडिट करून त्याने जे आपल्या हातात दिलं त्यात गोळी नाहीये, आणि नाहीये हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रेक्षकांतले ते घंट्या मोजणारे वेडे निदान सीनकडे बघत होते.

गँडोल्फिनी जून २०१३ मध्ये रोममध्ये गेला, तेव्हापासून पुढचा भाग काढून प्रश्न सोडवायची शक्यताही संपली. २०२४ मध्ये चेसवर डॉक्युमेंट्री आली, तिच्यात तो शेवटाबद्दल बोलायला तोंड उघडतो आणि वाक्याच्या मध्यात डॉक्युमेंट्रीच कट होते. त्याच वर्षी मार्चमध्ये होल्स्टेन्सने सोप्रानो कुटुंब बसलं होतं ते टेबल-बाकडं ईबेवर लिलावात काढलं, ८२,६०० डॉलरला गेलं. जागेवर आता नवीन बसवलंय. न्यू जर्सीतल्याच, भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनहून ब्लूमफील्ड गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, त्यामुळे तिकडची आपली मराठी मंडळीही पाहुणे आले की घेऊन जातात, ओनियन रिंग्ज मागवतात, दाराकडे तोंड करून फोटो काढतात आणि मग टेबलावर दोन तट पडतात.