झाकणाखालचा धूर

वडापच्या थांब्यावर जुन्या ट्रॅक्सचं बॉनेट उघडलेलं असतं. कुणीतरी चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण फिरवून काढतं, आतून करडा धूर भकभक बाहेर येतो आणि भोवती उभ्या असलेल्यांनी निकाल दिलेला असतो: "बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिन गेलं." जुनी डिझेल गाडी घ्यायला गेलेल्याचा सौदा इथेच फिसकटतो. तेवढ्या एका धुरावर चांगली इंजिनं खोलली जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या ट्रॅक्सचंच इंजिन घेऊ. पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं ओएम ६१६. हेच इंजिन जर्मनीत १९७३ पासून मर्सिडीज २४० डी या गाडीत बसत होतं. चार सिलिंडर, सुमारे २,४०० सीसी, कॉम्प्रेशन रेशो २१ ला १. म्हणजे एका सिलिंडरमधली सुमारे ६३० घनसेंटिमीटर हवा पिस्टन ३० घनसेंटिमीटरमध्ये कोंबतो. पोह्याच्या दोन चमच्यांत मावेल एवढ्या जागेत. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबून तापलेल्या या हवेतच ते पेटतं. त्यामुळे दाब टिकला तर इंजिन, नाहीतर नुसतं लोखंड.

हा दाब अडवतात पिस्टनवरच्या रिंगा. आणि गंमत अशी की प्रत्येक रिंग मुळातच तुटलेली असते. मँचेस्टरचे रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी अशी कापलेली, लवचीक रिंग आणली. काप नसेल तर ती खाचेत बसवता येणार नाही, आणि तापून फुगली की बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीत, अडकून बसेल. म्हणून टोकांमध्ये पाव-अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवावीच लागते. त्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या तेलाच्या पेटीत, निसटतो. हाच ब्लो-बाय, थांब्यावरच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. तो नव्या कोऱ्या इंजिनातही असतो.

रिंगेचं खरं काम मला फार सुंदर वाटतं. डिझेल पेटल्यावर वरचा दाब ६० बारच्याही पुढे जातो, आणि कारच्या टायरमध्ये असते साधारण दोन बार हवा. रिंगेचा स्वतःचा ताण या दाबापुढे किरकोळ. मग ती तग कशी धरते? वायूच रिंगेच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला बोअरवर दाबून धरतो. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. पळू पाहणाऱ्यालाच दार लावायला लावायचं, अशी ही योजना.

म्हणूनच डिझेल इंजिन तासन्‌तास रिकामं घरघरत ठेवलं तर त्याचं भलं होत नाही. दाब कमी, रिंगा सैल, बोअरच्या बारीक तिरक्या रेघांवर तेलाची काचेसारखी झिलई चढते आणि गळती वाढते. खाचेत काजळी साठून रिंगा चिकटल्या तरी हेच होतं. अशा गाडीला वेळेवर ऑइल बदलून, भरल्या वजनाने घाट चढवला तर कधीकधी गळती कमी होते.

झीज मात्र परतत नाही. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ९२.४ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात रिंग १८ सेंटिमीटरहून जास्त घासते. किलोमीटरला दोन हजार फेरे धरले तर तीन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीची रिंग बोअरवर एक लाख किलोमीटरच्या वर घासलेली असते. पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा. त्यात भूमिती आडवी येते. रिंगेची कड फक्त ०.१ मिलिमीटर झिजली, तर टोकांमधली फट ०.६ मिलिमीटरने वाढते. परीघ आणि त्रिज्येचं ते शाळेतलं नातं. बोअर झिजला तर त्याची भर वेगळी.

किती धूर चालतो? ३,००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला साधारण ३,६०० लिटर हवा ओढतं. त्यातली एक टक्का जरी निसटली तरी मिनिटाला ३६ लिटर झाली. गरम तेलाच्या वाफेसकट ती झाकणातून दिसणारच. झाकण उलटं ठेवल्यावर नुसतं थरथरलं तर घाबरू नये. उडून पडत असेल, तेल मोजायची डिपस्टिक वर ढकलली जात असेल, सीलमधून तेल पाझरत असेल, तर मात्र शोध घ्यावा.

पण शोध रिंगांपाशीच सुरू करू नका. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट आवळणारी झडप, नसतो, त्यामुळे आत पुरेशी ओढ तयार होत नाही आणि ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो ओढलेली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. बूस्टर किंवा त्याचा पाईप फुटला की पंप सतत हवा आत ओततो आणि दोष बिचाऱ्या रिंगांवर येतो. गाडी जागेवर उभी ठेवून बूस्टरचा पाईप क्षणभर चिमटून पाहा. झाकणातला जोर ओसरला तर चोर सापडला. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला तर तोही असाच फसवतो.

ब्रीदर बुजवून धूर "बंद" करणारे भेटतात. तसं कधीच करू देऊ नका. कोंडलेला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो. ब्रीदरची नळी इनटेकला, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेला, जोडलेली असेल आणि गळती फार वाढली, तर उलटा धोका. तेलाचे थेंब हवेबरोबर आत जातात आणि इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुसाट सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट सपाट फळीने बंद करायची, हात लावायचा नाही. नाहीतर ब्रेक दाबून वरच्या गियरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

इंजिन खोलण्याआधी लीक-डाउन चाचणीचा आग्रह धरा. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमध्ये सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडे आला तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा किंवा बोअर. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर हेड गॅस्केटकडे बघा. रिंगांना हात लावायची वेळ अजून आलेली नाही.