टीडीएस पेन आणि सळ्यांचा डबा

नागपुरात उन्हाळा लागला की वॉटर प्युरिफायर विकणारी मुलं दारोदार फिरतात. आमच्याकडे आलेल्या मुलाने नळाच्या आणि आरओच्या पाण्याचे दोन ग्लास शेजारी ठेवले, विजेच्या एका डब्याच्या सळ्या त्यांत बुडवल्या, प्लग लावला. मिनिटाभरात नळाचं पाणी हिरवट, मग विटकरी. आईने घाबरून भरलेला माठ ओतून दिला.

या खेळाचं मूळ जुनं आहे. पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षार मोजायची अचूक पद्धत जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी एकोणिसाव्या शतकात बसवली. एकाच दिशेचा (डीसी) प्रवाह सोडला की धातूच्या टोकांवर रासायनिक क्रिया होऊन मोजणी बिघडते, म्हणून त्यांनी दिशा सतत बदलणारा एसी प्रवाह वापरला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारं पेन त्याच तत्त्वावर चालतं. सळ्यांचा डबा नेमकं उलट करतो: घरची वीज डीसी करून पाण्यात सोडतो. लोखंडी सळई विरघळते, आणि तिचाच गंज ‘पाण्यातली घाण’ म्हणून दाखवला जातो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, वीज वाहत नाही, म्हणून तो ग्लास नितळ राहतो. त्यात चिमूटभर मीठ टाका, तोही तांबडा होईल. स्वस्त डब्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. ओल्या हाताने सळईला शिवणं म्हणजे २३० व्होल्टशी गाठ. लेकरं भोवती उभी असताना हे दाखवतात, याचा मला संताप येतो.

पेन धोक्याचं नाही, पण त्याचा आकडा अर्धवट आहे. ते वाहकता मोजतं आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून पीपीएम (साधारण लिटरला मिलिग्रॅम) दाखवतं. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. त्याच मानकात आर्सेनिकची मर्यादा मात्र लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ती दहापट ओलांडली तरी पेनचा आकडा हलत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ लावण्यावर बंदी घालायला सांगितलं, तेव्हा हा आकडा घराघरांत पोचला. पण ‘कमी टीडीएस म्हणजे शुद्ध’ एवढाच अर्थ लोकांनी घेतला.

आपल्या शहरात १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे. १९७४ मध्ये, जल प्रदूषण कायदा झाला त्याच वर्षी, तिचं नाव नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) झालं. त्या गावात पाण्याची पारख पेनवर यावी!

गावोगावचे जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात; पिवळा रंग आला की क्लोरीन पोचलं. जंतूंसाठी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी एच-टू-एस चाचणी मांडली: चाचणीचं रसायन असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवा, काळं पडलं तर मैल्याच्या संसर्गाची शक्यता.

जुलैत मी आमच्या बोअरचं पाणी तपासलं. पेनवर ३१०. तेच पाणी एच-टू-एस चाचणीच्या बाटलीत भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळीकुट्ट.