सूर्यफुलाचा काळा गाभा

काळोखात निळीजांभळी चमकणारी फुले आणि खाली ‘मधमाशीला फुले अशी दिसतात’ ही ओळ. हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. फोटो खरा, ओळ मात्र साफ चुकीची. त्या फुलावर अतिनील दिव्याचा झोत टाकलेला असतो. फूल तो शोषते आणि थोडी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. ही प्रतिदीप्ती. भर उन्हात ती फारच फिकी पडते. तिला वनस्पतीचे ‘तेजोवलय’ म्हणणाऱ्यांनी धुलाई पावडरीत धुतलेला पांढरा शर्ट त्याच दिव्याखाली धरून पाहावा. तोही चमकतो, आणि शर्टाला आत्मा नसतो.

मधमाशी पाहते तो फुलावरून परावर्तित झालेला प्रकाश. तिच्या डोळ्यांतल्या तीन प्रकारच्या ग्राही पेशी साधारण ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात, म्हणजे अतिनील, निळा आणि हिरवा. यातला अतिनील भाग टिपायचा तर कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची अतिनील अडवणारी काच काढून घ्यावी लागते. लेन्सवर फक्त अतिनील सोडणारा फिल्टर हवा. सर्वांत जपायचे ते अवरक्त किरणांपासून. बहुतेक पाकळ्या अवरक्तात उजळ दिसतात, त्यामुळे ते किरण जरा जरी निसटले तरी अतिनील शोषणाऱ्या भागांच्या फोटोतल्या काळ्या खुणा पुसट होतात.

असा फोटो सूर्यफुलाचा काढला की थक्क व्हायला होते. आपल्याला सगळ्या पाकळ्या टोकापासून देठापर्यंत सारख्याच पिवळ्या दिसतात. फोटोत टोके उजळ आणि बुडखे काळेकुट्ट! पिवळा रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. तो निळा प्रकाश शोषतो, अतिनील मात्र परत पाठवतो. बुडख्याच्या पेशींत त्याच्या जोडीला फ्लॅव्होनॉल नावाची अतिनील शोषणारी रसायने साठलेली असतात. त्यांच्या रेणूतल्या कड्यांमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एकाच बंधाला जखडून न राहता मोठ्या भागावर पसरतात. जितका पसारा मोठा, तितकी वरच्या पातळीवर जायला ऊर्जा कमी लागते. फ्लॅव्होनॉलचा पसारा मध्यम असल्याने लागणारी ऊर्जा नेमकी ३५० ते ३८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाची भरते. आपल्या डोळ्यांचा पल्ला त्याच्या अलीकडेच संपतो, म्हणून आपल्याला हे रसायन जवळजवळ रंगहीन. मधमाशीला मात्र टोकाला हिरवा अधिक अतिनील असा मिश्र रंग आणि बुडख्याला नुसता हिरवा, म्हणजे दोन निराळे रंग दिसतात.

उत्तर अमेरिकेतल्या रानटी सूर्यफुलांत या काळ्या भागाचा आकार झाडागणिक बदलतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा फरक मुख्यतः एचएएमवायबी१११ या जनुकाशी जोडला गेला. कोरड्या हवेच्या प्रदेशांत काळा भाग मोठा आढळला, आणि फ्लॅव्होनॉल जास्त असलेल्या पाकळ्यांतून पाणीही हळू उडत होते. मधमाश्यांना खुणावणारे तेच रसायन फुलाला सुकण्यापासून वाचवत असावे.