सूर्यावरून अर्ध्या सेकंदात

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४१० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. सूर्य माथ्यावर असताना त्याच्यासमोरून गेलं, तर अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून जाणं, जेमतेम अर्धा सेकंद टिकतं. सूर्य कललेला असला की सेकंदभर किंवा जास्त वेळ मिळतो, पण स्थानक लांब असल्याने आकृतीही बारीक दिसते. माथ्यावरही ती साधारण ५५ विकलांचीच (विकला हा अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे सूर्यबिंबाच्या पस्तिसाव्या भागाएवढी. ग्रहणाच्या चष्म्याचं हे काम नाही, ते टिपायला दुर्बीण आणि कॅमेरा हवा.

दुर्बिणीपेक्षा जागा महत्त्वाची. माथ्यावरच्या अधिक्रमणाचा पट्टा चारेक किलोमीटर रुंद असतो. मध्यरेषेपासून दोन किलोमीटर आडवं सरकलात की सूर्य कोराच. ‘ट्रान्झिट फाइंडर’ या संकेतस्थळावर पट्टा आणि वेळ मिळते, पण आठवडाभर आधीचं भाकीत फक्त बेत आखण्यापुरतं. वातावरणाच्या घर्षणाने कक्षा खाली येते, मग इंजिन पेटवून स्थानक वर उचलतात. त्यामुळे आदल्या दिवशी आणि निघण्याआधी पुन्हा तपासा.

सोलर फिल्टर वस्तुभिंगाच्या, म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाच्या, पुढे, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवा. आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, लावायची काळी काच टाकूनच द्या. तापून ती तडकते आणि डोळा जातो. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, टोपण हवंच.

खरी माती होते ती फोकसमध्ये. उन्हात नळी तापते, फोकस सरकतो. एखादा सौरडाग, तो नसेल तर सूर्याची कड पडद्यावर मोठी करून शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा जुळवा. डांबरी गच्चीवरची गरम हवा बिंब थरथरवते, गवत बरं. एक्सपोजर १/२००० सेकंद ठेवा. तेवढ्यातही माथ्यावरचं स्थानक जवळपास दोन विकला सरकतं. १/२५० ठेवलंत तर नुसता फराटा. कॅमेऱ्याच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर पूर्ण सूर्य मावायला नाभीय अंतर १५०० मिलिमीटरच्या आत हवं.

बटण क्षणावर दाबायला जाऊ नका. पंधरा सेकंद आधी चित्रण सुरू करा. सेकंदाला १०० फ्रेम असतील तर पन्नासेक हाती लागतात, २५ असतील तर डझनभर. फ्रेम एकदम न टिपता ओळीओळीने टिपणाऱ्या रोलिंग शटरमुळे आकृती किंचित तिरपी येते. १७ सप्टेंबर २००६ रोजी फ्रेंच खगोल-छायाचित्रकार थिअरी लेगो यांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून स्थानक आणि त्यापासून नुकतंच सुटलेलं अटलांटिस हे अंतराळयान एकाच छायाचित्रात टिपलं होतं.

काळी आकृती दिसली म्हणून लगेच हुरळू नका. वेळ जुळते का आणि ती सरळ रेषेत सारख्या वेगाने जाते का, ते पाहा. कडा धूसर असतील तर बहुधा घार.